फेसाचे पंख



विमान घरी बांधता येते, असे म्हटले की आपल्याकडे दोन प्रकारची माणसे भेटतात. एक हसून मोकळी होतात. दुसरी पुष्पक विमानाचा दाखला देऊन मोकळी होतात. खरा प्रश्न दोघांच्याही हातून निसटतो. तो सुताराला, गवंड्याला किंवा लोहाराला विचारा, म्हणजे चटकन कळेल: बांधायचे ते कशाचे? यंत्राचा इतिहास म्हटला की आपण शोधकांची नावे पाठ करतो. पण ते यंत्र कोणत्या मालाचे झाले, तो माल कोणी निवडला, कोणाच्या हातांखालून तो गेला आणि त्याने त्या हातांचे काय केले, हा इतिहास सहसा कोणी सांगत बसत नाही. आज मी तो सांगणार आहे. आणि तोही सर्वांत क्षुल्लक दिसणाऱ्या मालाचा. हा माल म्हणजे फोम, फुगवून गोठवलेला फेस.

मी विमानविद्येचा पदवीधर नाही. माझे शिक्षण कारखान्याच्या फाटकाबाहेर आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. त्यामुळे समीकरणांच्या वाटेला मी जाणार नाही. त्यांची गरजही नाही. कारण या विषयाचा पहिला धडा देऊळघाटच्या शिवारातच उभा असतो.

ज्वारीचा धांडा घ्या. वरची साल कडक आणि चिवट, आतला गर पांढरा आणि हलका. नुसती साल सोलून घेतली तर ती बोटाने वाकते. नुसता गर घेतला तर तो चिमटीत चुरतो. पण दोन्ही एकत्र असतात तेव्हा तोच धांडा माणसाहून उंच वाढतो, डोक्यावर कणसाचा भार तोलतो आणि वाऱ्यात झुलूनही उभा राहतो. आपली पोरे याच सालीचे आणि गराचे चष्मे अन् बैलगाड्या करीत आली आहेत. नवरदेवाच्या कपाळावरचे बाशिंगही भेंडाचे करतात, ते उगीच नव्हे. दिसायला भरघोस आणि डोक्याला भार नाही, असा दुसरा माल जुन्या कारागिराजवळ नव्हता.

यातले मर्म असे. कोणतीही फळी वाकू लागली की तिची एक बाजू ताणली जाते आणि दुसरी दाबली जाते. मधल्या भागाला यांपैकी फारसे काही सोसावे लागत नाही. त्याचे काम निराळे असते: दोन्ही बाजूंना एकमेकींपासून दूर ठेवायचे आणि एकमेकींवरून सरकू द्यायचे नाही. वही वाकवून पाहा, पाने सरकतात आणि वही सहज वाकते. तीच पाने खळीने एकजीव चिकटवली की पुठ्ठा होतो आणि वाकायला तयार होत नाही. म्हणून गाभा फार बळकट नसला तरी चालतो. मात्र त्याने सालीला घट्ट धरून राहिले पाहिजे. गाभा आणि साल यांची फारकत झाली की साल चुरगळते, आणि विमानाच्या पंखात ती चुरगळली तर पुढचे सांगायला नको.

ही युक्ती विमानात मोठ्या प्रमाणावर आली ती दुसऱ्या महायुद्धात. इंग्लंडच्या डी हॅविलँड कंपनीचे मॉस्किटो हे लढाऊ विमान २५ नोव्हेंबर १९४० रोजी प्रथम उडाले. सारे जग ॲल्युमिनियमच्या मागे लागले असताना हे विमान लाकडाचे होते. बर्च लाकडाच्या पातळ प्लायवुडचे दोन थर आणि मध्ये दक्षिण अमेरिकेतून आणलेल्या बाल्सा या अतिहलक्या लाकडाचा गाभा, अशी त्याच्या धडाची रचना होती. लाकूड निवडण्यात मोठा हिशेब होता. धातू आणि धातूचे कारागीर दोन्ही टंचाईचे. पण टेबलखुर्च्या करणारे सुतार आणि पियानोच्या कारखान्यांतले कामगार हाताशी होते. माल बदलला तसा कामगार बदलला. सुमारे ७,८०० मॉस्किटो विमाने बांधली गेली, आणि त्यांतील पुष्कळ भाग लाकूडकामाच्या साध्या कारखान्यांत तयार झाले.

या विमानाचा एक अध्याय आपल्या देशात घडला. १९४४ साली भारत आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर काही मॉस्किटो विमाने हवेतच मोडली. नोव्हेंबरात ती उडवणे थांबवावे लागले. चौकशीसाठी कंपनीच्या घराण्यातीलच एक अधिकारी आला. त्याचा निष्कर्ष असा, की दोष डिंकाचा नाही. इथल्या पावसाळी हवेने लाकूड आक्रसले. पुढे आणखी बारकाईने तपास झाला तेव्हा निराळेच निघाले. लाकडाचे जोड नीट चिकटलेले नव्हते. दोष मूळ बांधणीतच होता. माझे अर्धे आयुष्य अपघातांचे अहवाल वाचण्यात गेले आहे, म्हणून मला या प्रकरणाचे नवल वाटत नाही. पहिला अहवाल बहुधा हवेला, दैवाला किंवा कामगाराला दोष देतो. दुसरा अहवाल मागावा लागतो. पण आपल्या विषयापुरता धडा असा, की गाभ्याची रचना डोळ्यांना फसवते. रिव्हेट सुटला तर दिसतो. आत सुटलेला जोड बाहेरून गुळगुळीतच दिसतो.

बाल्सा झाडावर वाढतो, त्यामुळे त्याचा प्रत्येक तुकडा निराळा. रसायनशास्त्राने त्याला जोडीदार उभे केले. १९३७ साली जर्मनीत लेव्हरकुझेन येथे ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलियुरेथेन हा पदार्थ शोधला; पुढे त्याचाच फोम निघाला. पॉलिस्टायरीनचा फोम चाळीशीच्या दशकात अमेरिकेत डाऊ कंपनीने बाजारात आणला. त्याचाच दाणेदार भाऊ म्हणजे आपला थर्माकोल. ज्या थर्माकोलची मखरे आपण गणपतीपुढे वर्षानुवर्षे मांडली आणि ज्याच्या ताटवाट्यांवर व सजावटीवर २०१८ साली आपल्या राज्याने बंदी आणली, तो याच कुळातला. तिसरा पीव्हीसीचा फोम, कठीण आणि चिवट.

याच सुमारास काचेचे धागे काढून त्यांचे कापड विणण्याची कला पक्की झाली. हे कापड राळेत, म्हणजे रेझिनमध्ये, भिजवून वाळवले की त्याची कडक साल होते. जर्मनीत स्टुटगार्टच्या विद्यार्थ्यांनी बांधलेले फिनिक्स नावाचे बिनइंजिनाचे विमान नोव्हेंबर १९५७ मध्ये उडाले. काचेच्या कापडाची साल आणि बाल्साचा गाभा, असे ते होते. पुढील वर्षांत अशा विमानांत बाल्साची जागा हळूहळू फोमने घेतली. मात्र या साऱ्यांना साचा लागे. विमानाएवढा साचा आधी बांधायचा, मग त्यात विमान ओतायचे. एकच विमान हवे असणाऱ्या माणसाला हा खर्च म्हणजे पोळीसाठी गिरणी घालण्यासारखा.

ही अडचण अमेरिकेतील घरबांधणीवाल्यांनी सोडवली. तिथे १९५३ सालापासून हौशी विमानबांधकांची संघटना होती, आणि अर्ध्याहून अधिक काम स्वतः केले तर विमान 'प्रायोगिक' म्हणून नोंदवण्याची कायद्याची सोय होती. १९७२ मध्ये केन रँड यांनी लाकडी सांगाड्यावर पॉलियुरेथेन फोमचे तुकडे बसवून, ते घासून आकार देऊन आणि वर कापड व इपॉक्सी राळ चढवून केआर-१ नावाचे लहानसे विमान उडवले. मे १९७५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या मोहावी गावी बर्ट रुटान यांचे व्हेरीईझी उडाले. रुटान यांनी साचाच काढून टाकला. फोमचा ठोकळा घ्यायचा, दोन्ही टोकांना पंखाच्या आकाराच्या फळ्या ठोकायच्या, विजेने तापवलेली तार त्या फळ्यांवरून ओढायची. लोण्यातून दोरा जावा तशी तार जाते आणि पंखाचा गाभा तयार होतो. मग त्यावर काचेचे कापड आणि इपॉक्सी. साचा म्हणजे तो गाभाच, आणि तो पंखाच्या पोटातच राहतो. आपल्याकडे मखरे करणारे कारागीर हीच तापली तार वापरत. फरक इतकाच, की मखर दहा दिवस उभे राहायचे असते.

आता निवडीचा प्रश्न. गृहस्थाने कोणता फोम घ्यावा? रुटान यांच्या पद्धतीत एकाच विमानात तीन प्रकारचे फोम येतात, आणि प्रत्येकाचे कारण रोकडे आहे.

पंखासाठी पॉलिस्टायरीन, तेही दाणे चिकटवलेला थर्माकोल नव्हे, तर सलग दाबून काढलेला निळा फोम. त्याचा एक घनमीटर सुमारे ३२ किलो भरतो. तेवढ्याच ॲल्युमिनियमचे वजन २,७०० किलो होईल. हा तापल्या तारेने सुरेख कापला जातो. पण याचे दोन वैरी आहेत. पहिला पेट्रोल, ज्यात तो साखरेसारखा विरघळतो. दुसरा पॉलिएस्टरची राळ, जी आपल्याकडे टाक्या आणि कूलर करणाऱ्यांच्या दुकानी स्वस्त मिळते. तिच्यात स्टायरीन असते, आणि ते या फोमला खाऊन टाकते. म्हणून इथे इपॉक्सीच हवी. स्वस्ताईच्या मोहाने राळ बदलली तर पंख बाहेरून पंख राहील आणि आतून पोकळ होईल.

जिथे पेट्रोल राहते तिथे, आणि जिथे हाताने वळणदार आकार काढायचा तिथे, पॉलियुरेथेन किंवा पीव्हीसीचा फोम. पॉलियुरेथेन सुरीने आणि घासकागदाने छान आकार घेतो, पेट्रोलला दाद देत नाही. सपाट भिंती आणि आडपडदे यांना पीव्हीसी, कारण तो अधिक मार सोसतो. याहून वरच्या दर्जाचे, उष्णतेला टिकणारे आणि पुष्कळ महाग फोमही आहेत. १९८६ च्या डिसेंबरात रुटान यांच्याच आराखड्याचे व्हॉयेजर विमान न उतरता, वाटेत इंधन न घेता पृथ्वीला फेरी घालून नऊ दिवसांनी परतले. त्याच्या सालींत मात्र फोमऐवजी मधमाशीच्या पोळ्यासारखा कागदी गाभा होता.

ऊन हा या सर्वांचा सामाईक शत्रू. निळा फोम पंचाहत्तर अंशांच्या आसपास नरमू लागतो, आणि घरच्या हवेत वाळवलेली इपॉक्सीही तापली की ढिली पडते. म्हणून ही विमाने पांढरीच रंगवतात. त्यात शोभेचा भाग नाही. आपल्या वऱ्हाडात वैशाखातल्या दुपारी गाडीच्या काळ्या टपावर हात ठेवून पाहावा, म्हणजे पांढऱ्या रंगाचे कारण समजेल. पावसाळ्यात दमट हवेने राळेवर चिकट पापुद्रा धरतो आणि पुढचा थर नीट बसत नाही. परदेशी पुस्तकातला नियम मोहावीच्या कोरड्या हवेत लिहिला गेला असेल, तर पैनगंगेच्या खोऱ्यात तो तपासूनच वापरावा लागेल.

हे तंत्र आपल्या देशात आले ते सरकारी प्रयोगशाळेच्या दारातून. रुटान यांच्या लाँग-ईझी या विमानाच्या आराखड्यावरून बेंगळूरुच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने एक विमान बांधले आणि १९८७ साली ते उडवले. एका गृहस्थाने गॅरेजात बांधावे म्हणून काढलेल्या नकाशांवरून एका राष्ट्राची प्रयोगशाळा धडा घेते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्या अनुभवावर पुढे 'हंस' हे दोन आसनांचे शिकाऊ विमान झाले. ते १९९३ साली उडाले आणि २००० साली त्याला प्रमाणपत्र मिळाले.

आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण कॅप्टन अमोल यादव यांचे. व्यवसायाने वैमानिक असलेल्या या गृहस्थांनी कांदिवलीतील चारकोप येथे इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी पाहिले. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये उड्डाणाचा परवाना हाती आला. हे विमान फोमचे नव्हे, धातूचे. म्हणजे घरचे विमान फोमचेच असते, असे नाही. धातूचा प्रत्येक जोड डोळ्यांना दिसतो, तपासनिसाला दाखवता येतो. पण त्याला पत्रे, साचे, रिव्हेट आणि चार माणसांचे बळ लागते. फोम एकट्याला पेलतो. पण त्याचा जोड झाकलेला असतो. तो तपासण्याची एक साधी रीत जगभर चालते. नाणे घेऊन साल ठिकठिकाणी वाजवायची. जोड घट्ट असेल तिथे खणखणीत, सुटला असेल तिथे बद्द. कुंभाराकडून मडके वाजवून घेणाऱ्या आपल्या आयाबहिणींना ही परीक्षा कोणी शिकवावी लागणार नाही.

इथवर मी फोमचे गुण गायिले. आता त्याचा हिशेब. फोमने कारखाना घरी आणला, साचा गेला, भांडवल गेले. पण कारखान्याबरोबर आणखी काय गेले?

तापली तार पॉलिस्टायरीनमधून जाते तेव्हा धूर निघतो, तो छातीला बरा नव्हे. तीच तार कोणी पॉलियुरेथेनवर चालवली तर सायनाइडचा विषारी वायू निघतो. म्हणून हा फोम कधीही तारेने कापायचा नाही, हा या विद्येतला पहिला नियम आहे. पॉलियुरेथेन जर दोन द्रव मिसळून जागेवरच फुगवायचा असेल, तर त्यातला एक द्रव आयसोसायनेट कुळातला असतो. हे कुळ आपण विसरू शकत नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळवर जो वायू पसरला तो याच कुळातला, मिथाइल आयसोसायनेट. फोममधला पदार्थ तो नव्हे आणि तितका उडणाराही नव्हे. पण श्वासावाटे पुन्हा पुन्हा गेला तर तो माणसाला कायमचा दमा लावतो. इपॉक्सीच्या कडककाने हाताला पुरळ उठते, आणि एकदा शरीराने त्याचा धसका घेतला की पुढे थोड्याशा स्पर्शानेही ते उठत राहते. काचेची धूळ तर घामात रुतून बसते.

फायबरच्या टाक्या करणाऱ्या एका कारखान्यातली पोरे मी पाहिली आहेत. तोंडाला दस्ती बांधून, उघड्या हातांनी राळ फासणारी. रात्री अंग खाजते, डोके दुखते, म्हणून तक्रार केली तर उत्तर मिळे, की सवय होईल. मुखवटे आणि हातमोजे मिळवायला आम्हांला सात महिने लागले. पण तिथे निदान मागायला मालक होता, आणि मागणाऱ्यांत बळ होते. गच्चीवर एकट्याने फोम घासणाऱ्याने कोणाकडे मागायचे? १९४८ च्या मूळ कारखाना कायद्यात यंत्रशक्तीवर चालणाऱ्या जागी दहा कामगार असले म्हणजे तिला कारखाना म्हणत. कायदा माणसे मोजतो. फुफ्फुसे मोजत नाही. घरी बांधणारा स्वतःच मालक, स्वतःच मजूर, स्वतःच तपासनीस. हे स्वातंत्र्य खरे आहे. पण या तिघांचे भांडण एकाच माणसाच्या पोटात सुरू झाले, की बहुधा मजूर हरतो. काम उरकायची घाई मालकाला असते, आणि मुखवटा घालायचा कंटाळा मजुराला येतो.

मग अमेरिकेतल्या हजारो हौशी बांधकांचे काय? ते टिकले ते एकटे नव्हते म्हणून. रुटान यांच्याकडून 'कॅनार्ड पुशर' नावाचे वार्तापत्र निघे. कोणाला कुठे अडचण आली, कोणता जोड फसला, नकाशात कोणती दुरुस्ती करावी, हे त्यात छापून येई, आणि प्रत्येक बांधकाने ती दुरुस्ती आपल्या नकाशावर उतरवून घ्यायची असे. एकाची चूक सर्वांच्या कामी येई. थोडक्यात, फोमने कारखान्याची भिंत पाडली, आणि बांधकांनी पत्रव्यवहाराने नवी बांधली. मालाने भांडवलाची गरज कमी केली. संघटनेची गरज उलट वाढवली. सगळा इतिहास चाळून माझ्या हाती जे लागले ते एवढेच आहे.

आज आपल्या जिल्ह्यातली मुले अभियांत्रिकीच्या महाविद्यालयांत जातात, थर्माकोलची लहान विमाने आणि ड्रोन करतात, ती उडवतात. त्यांना नाउमेद करणे माझ्या मनातही नाही. उलट ही विद्या सुताराच्या आणि शिंप्याच्या पोराला जवळची आहे, कारण तीत कापड बेतायचे असते आणि फळी तासायची असते. माझे मागणे इतकेच, की फोम निवडताना चार प्रश्न विचारा. हा भार सोसेल का? ही राळ आणि हे पेट्रोल याला खाईल का? आपले ऊन आणि आपला पावसाळा याला मानवेल का? आणि चौथा, जो नकाशात बहुधा नसतो: हा कापताना, घासताना, चिकटवताना श्वास कोण घेणार आहे? पहिल्या तिन्हींची उत्तरे पुस्तकात सापडतील. चौथ्याचे उत्तर एकत्र बसून, एकमेकांच्या चुका उघडपणे मांडूनच मिळते. गावागावांत अशी चारदोन टोळकी बसू लागली आणि त्यांनी आपल्या फसलेल्या जोडांची वही ठेवली, तर ती वही कोणत्याही आराखड्याइतकीच मोलाची ठरेल.